नंबर आणा, मग नक्कल मागा : कनेरगाव नाका परिसरातील पक्षकारांचे मागणीपत्र

प्रति,
मा. प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीश, हिंगोली
मा. जिल्हाधिकारी, हिंगोली
मा. सचिव, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, हिंगोली
प्रत माहितीस्तव : मा. प्रबंधक, मुंबई उच्च न्यायालय, औरंगाबाद खंडपीठ

विषय : न्यायालयातील व महसूल कचेरीतील जुन्या मिसलींचा शोध, पाहणी व नक्कल मिळण्याबाबत.

महोदय,

कनेरगाव नाका हे हिंगोली-वाशिम रस्त्यावरचे, जिल्ह्याच्या अगदी कडेचे गाव. पैनगंगा ओलांडली की वाशिम जिल्हा लागतो आणि विदर्भ सुरू होतो. निजामाच्या काळात अलीकडे हैदराबाद संस्थान होते आणि पलीकडे इंग्रजी अमलातला वऱ्हाड. संस्थान 1948 साली संपले, पण कागदपत्रांच्या बाबतीत हद्द अजून जागच्या जागी आहे. अलीकडच्या शेताचा खटला हायकोर्टात गेला तर औरंगाबाद खंडपीठात जातो, पलीकडच्याचा नागपूर खंडपीठात. अलीकडे कुळाचा हक्क 1950 च्या हैदराबाद कुळवहिवाट कायद्याने ठरतो, पलीकडे 1958 च्या विदर्भाच्या कायद्याने. जुना कागद अलीकडे उर्दूत सापडतो, पलीकडे मोडीत नाहीतर इंग्रजीत. आमच्या सोयरिकी मात्र दोन्ही काठांवर आहेत आणि शेते व भांडणेही दोन्ही काठांवर.

आम्ही वकील नाही. शेतकरी, शेतमजूर, दुकानदार, निवृत्त शिक्षक आणि बऱ्याच विधवा बहिणी अशी आमची संघटना आहे. आमच्यापैकी बहुतेकांचा कोर्टाशी संबंध आजच्या भांडणापेक्षा आजोबांच्या भांडणामुळे येतो. महामार्ग रुंद झाला, भूसंपादनाचा मोबदला आला, आणि भावकीतला कोणीतरी हरकत घेऊन उभा राहिला. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, 1956 प्रमाणे मोबदल्याच्या वाटणीचा असा वाद दिवाणी न्यायालयाकडे जातो. मग तिथे आजोबांच्या वेळचा वाटपाचा हुकूमनामा लागतो. मुलाच्या जातपडताळणीला इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा आणि विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा पुरावा लागतो, आणि तो कधी कधी एखाद्या जुन्या दाव्यातल्या जबाबातच असतो. वारसाची नोंद लावायची, बँकेचे कर्ज काढायचे, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्यायची आणि वीस वर्षांपूर्वी निर्दोष सुटल्याचा निकाल दाखवायचा, अशी कामे वेगवेगळी असली तरी सगळ्यांना एकाच खिडकीवर जावे लागते.

त्या खिडकीवर नेहमी घडते ते असे. बाई अर्ज पुढे करतात. आतून विचारणा होते, "मावशी, दाव्याचा नंबर?" नंबर नाही. "साल?" दुष्काळाच्या आधीचे. "वकील कोण होते?" ते वारले. "मग नंबर घेऊन या, नंबराशिवाय कसं शोधणार?" सांगणाऱ्याचा सूर वाईट नसतो. खरोखरच त्याच्यामागे छताला टेकलेले बस्ते असतात आणि मदतीला दुसरे कोणी नसते. पण जिला नंबर माहीत असता तिच्या घरात बहुधा नक्कलही असती. ज्याच्याकडे कागद नाही त्यालाच कागदाचा नंबर विचारायचा, ही रीत चुकीची आहे. आमच्या सगळ्या मागण्यांचे मूळ एवढेच आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हे मागणीपत्र कोणा कर्मचाऱ्याविरुद्ध किंवा एखाद्या कचेरीविरुद्ध तक्रार नाही. दोन्ही काठांवरच्या अनेक कचेऱ्यांत आम्हाला थोड्याफार फरकाने हाच अनुभव आला आहे.

नक्कल मागणे ही मेहेरबानी नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 हा 1 जुलै 2024 पासून लागू आहे. त्याच्या कलम 75 प्रमाणे जो सार्वजनिक दस्तऐवज पाहण्याचा एखाद्याला हक्क आहे, त्याची फी भरल्यावर सही-शिक्क्याची नक्कल देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. जुन्या 1872 च्या कायद्यातही कलम 76 मध्ये हेच होते. दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश 20 नियम 20 पक्षकाराला निकाल व हुकूमनाम्याच्या नकलेचा हक्क देतो. फौजदारी निकालासाठी नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 404 आहे. कैदेची शिक्षा झालेल्या आरोपीला तर निकालाची प्रत लगेच आणि फुकट मिळाली पाहिजे.

आमच्यातल्या काही तरुणांनी माहितीच्या अधिकारात अर्ज करून पाहिले. तो रस्ता सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2020 रोजी गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात बंद केला. न्यायालयीन मिसलीची नक्कल न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांनीच मागावी, आणि त्रयस्थ माणसाने मागताना कारण द्यावे, असा तो निकाल आहे. तो आम्हाला मान्य आहे. पण एक दार बंद केल्यावर दुसऱ्या दारात माणूस अडू नये, हे पाहण्याची जबाबदारी न्यायालयाच्या कचेरीवर येते. तहसील, उपविभागीय अधिकारी आणि भूमी अभिलेख यांच्या कागदांसाठी माहितीचा अधिकार अजून शाबूत आहे, त्यामुळे तिथली उत्तरे निदान तीस दिवसांत येतात. न्यायालयाच्या अभिलेख कक्षाकडून आम्ही यापेक्षा जास्त काही मागत नाही.

पहिली मागणी : नावावरून आणि गावावरून शोध घ्या.

ज्याला नंबर माहीत नाही त्याच्यासाठी वेगळा शोध-अर्ज असावा. त्यात वादी-प्रतिवादींची नावे, गाव, सर्व्हे किंवा गट नंबर, अंदाजे पाच-दहा वर्षांचा काळ आणि न्यायालय एवढे लिहिले की तो स्वीकारला जावा. शोधाची वेगळी फी लागत असेल तर ती आम्ही भरू.

हे अशक्य नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 4 नियम 2 प्रमाणे प्रत्येक दिवाणी न्यायालयाला दाव्यांची नोंदवही ठेवावी लागते आणि तीत दरसाल दावे क्रमाने लिहावे लागतात. म्हणजे मिसल कुठे का असेना, दाव्याची ओळ कुठेतरी लिहिलेली आहे. या नोंदवह्यांवरून नावांची आणि गावांची सूची करून ती अभिलेख कक्षाच्या बाहेर टेबलावर ठेवावी. अमेरिकेतल्या काउंटी न्यायालयांत वादी आणि प्रतिवादी यांच्या नावांच्या सूच्या लिपिकाच्या कचेरीत असतात आणि सामान्य माणूस त्या स्वतः चाळतो. तिथला माणूस आधी नाव शोधतो आणि त्यावरून नंबर काढतो. आपल्याकडे हा क्रम उलटा आहे.

सूची करणाऱ्याला आमच्याकडच्या जुन्या नोंदींची ठेवण माहीत असावी लागेल. निजामकाळच्या कागदात आडनाव सहसा सापडत नाही. 'गणपत वल्द तुकाराम' असे बापाचे नाव असते आणि बाईच्या नावापुढे 'जौजे' असते. पुढे मराठी नोंदींत तेच 'भ्र.' झाले. आडनावाने शोधणारा तिथे रिकाम्या हाताने परततो. सालाचेही तसेच आहे. त्या काळची वही फसली सनात चालते. 1349 फसली म्हणजे 1939-40. वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला बदलते आणि महिने आजूर, दै, बहमन असे असतात. नातवाने अर्जात 1939 लिहिले तर ते 1348 मध्येही निघेल आणि 1349 मध्येही. म्हणून फसली आणि इंग्रजी सालांची जोडपट्टी भिंतीवर लावावी. कागदाच्या एका तक्त्याचे काम आहे.

जमिनीच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. जुन्या हुकूमनाम्यात सर्व्हे नंबर आणि एकर-गुंठे असतात. एकत्रीकरणानंतर सातबाऱ्यावर गट नंबर आले, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये गेले. सर्व्हे नंबरचा गट कोणता झाला हे भूमी अभिलेख कार्यालयाच्या एकत्रीकरणाच्या कागदात आहे. ती गाववार जुळवणी जिल्हाधिकारी कार्यालयाने अभिलेख कक्षाला एकदा पुरवली, तर पुढे प्रत्येक अर्जदाराला दोन कचेऱ्यांच्या मध्ये फिरावे लागणार नाही.

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळाचा उल्लेख दरवेळी होतो, म्हणून त्याबद्दलही लिहितो. चालू आणि अलीकडच्या खटल्यांना ते फार उपयोगी आहे. सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख आणि रोजनामा घरबसल्या दिसतो. महाराष्ट्राचा हा क्रमांक 'एमएच' पासून सुरू होतो, तो आमच्या पोरांना पाठ आहे. पण संगणक येण्याच्या कितीतरी आधीचे दावे तिथे नाहीत. आणि जे आहेत त्यांतली नावे रोमन लिपीत कोणी कशी टंकली यावर सगळे अवलंबून असते. एकाच किसनची तीन स्पेलिंगे निघतात, गावाच्या नावात कुठे एच असतो तर कुठे नसतो. सूची देवनागरीत हवी. जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना राज्य शासनाने 21 जुलै 1998 रोजीच काढली आहे.

सगळे उघडे करा, असे मात्र आम्ही म्हणत नाही. अल्पवयीन मुले, लैंगिक अत्याचार, नवरा-बायकोचे वाद यांतली नावे सूचीत येऊ नयेत. गावात त्याचा काय उपयोग केला जाईल हे आम्हाला चांगले ठाऊक आहे. आमची मागणी जमीन, वारसा, वाटप, कूळ आणि इनाम यांच्या निकाली दाव्यांपुरती आहे.

दुसरी मागणी : 'नाही' हे उत्तर लेखी द्या.

जुनी मिसल सापडली नाही तर तोंडी सांगितले जाते, "नष्ट झाली असेल." असेल म्हणजे काय? न्यायालयीन कागद नष्ट करण्याला कायदा आहे, 1917 चा. त्याखाली उच्च न्यायालयाने नियम केले आहेत. कोणते कागद कायम ठेवायचे आणि कोणते किती वर्षांनी काढायचे, याचे वर्ग दिवाणी नियमपुस्तिकेत ठरलेले आहेत. त्यामुळे मिसल नष्ट झाली असेल तर कधी आणि कोणत्या आदेशाने झाली हे लिहून मिळाले पाहिजे. हरवली असेल तर तसे, आणि दुसरीकडे पाठवली असेल तर जावक क्रमांक.

या लेखी नकाराची किंमत आमच्या दृष्टीने नकलेइतकीच आहे. मूळ कागद नष्ट झाला किंवा हरवला हे दाखवता आले, तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम 60 खाली दुय्यम पुरावा पुढे ठेवता येतो. घरातली जुनी झेरॉक्स, समोरच्या पक्षकाराकडची प्रत किंवा फेरफारातला उल्लेख तेव्हा कामी येतो. तोंडी नकार घेऊन पुढच्या कोर्टात उभे राहता येत नाही. शोध-अर्जाचे लेखी उत्तर तीस दिवसांत मिळावे, मग ते काहीही असो.

महसुली मिसलींबाबत तर याला आणखी धार आहे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 प्रमाणे शासकीय अभिलेख बेकायदा नष्ट करणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे. 'फाइल आढळून येत नाही' या एका ओळीवर तिथे विषय संपत नाही.

तिसरी मागणी : कोणती मिसल कोठे आहे, हे एकदाचे जाहीर करा.

हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याआधी जिल्ह्याचे ठिकाण परभणी होते. अपिलांचे पाहिले तर 1956 पर्यंत हैदराबाद, 1 नोव्हेंबर 1956 नंतर मुंबई आणि 27 ऑगस्ट 1981 रोजी खंडपीठ सुरू झाल्यापासून औरंगाबाद. एकाच दाव्याच्या तीन पायऱ्यांचे कागद तीन शहरांत असू शकतात. पक्षकाराने हा इतिहास पाठ करून यायचे का? न्यायालयाने एक पानाचा तक्ता करावा. कोणत्या वर्षापर्यंतच्या, कोणत्या न्यायालयाच्या, कोणत्या प्रकारच्या मिसली आज कोणत्या अभिलेख कक्षात आहेत, तिथे अर्ज कोणाच्या नावे करायचा आणि टपालाने चालतो का, एवढेच त्यात असावे. तक्ता ग्रामपंचायतींना पाठवला तर आम्ही तो रंगवून भिंतीवर लिहू.

या मागणीचा सगळ्यात अवघड भाग वाटपाच्या हुकूमनाम्यांचा आहे. शेतजमिनीच्या वाटपात न्यायालय हिस्से ठरवते, पण प्रत्यक्ष वाटणी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 खाली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. म्हणून हुकूमनामा जिल्हाधिकारी कार्यालयात जातो, तिथून तहसीलला, तहसीलकडून मोजणीसाठी भूमी अभिलेखकडे, आणि वाटपाचा तक्ता तयार होऊन परत यायचा असतो. हा प्रवास कधी कधी एका पिढीत पुरा होत नाही. मधल्या काळात पक्षकार वारतात, तहसीलदार बदलतात, कचेरीची इमारत बदलते. कोर्टात विचारले तर "इथून कधीच पाठवली", तहसीलला विचारले तर "कोर्टाकडे परत गेली असेल". दोन्ही उत्तरे देणाऱ्यांना खरीच वाटत असतात. आमची विनंती अशी की कलम 54 खाली पाठवलेल्या आणि अहवाल परत न आलेल्या सर्व प्रकरणांची यादी न्यायालय व जिल्हाधिकारी कार्यालय यांनी एकत्र बसून करावी, गाववार करावी, आणि प्रत्येक नावापुढे शेवटचा जावक क्रमांक व तारीख लिहावी. या एका यादीने आमच्या पंचक्रोशीतली जितकी भांडणे मिटतील तितकी कोणत्याही शिबिराने मिटणार नाहीत.

चौथी मागणी : उर्दू आणि मोडी वाचणारा माणूस द्या.

मिसल सापडली, फी भरली, नक्कल हातात आली, आणि ती उर्दूत आहे. पुढे काय? मराठवाड्यातल्या कित्येक घरांत मुंतखब, खासरा, कूळकायद्याचे किंवा इनामाचे कागद ट्रंकेत आहेत आणि वाचणारे कोणी नाही. छापील उर्दू वाचणाराही इथे अडतो, कारण त्या काळच्या कारकुनी शिकस्ता वळणात नुक्ते गळालेले आणि अक्षरे एकमेकांत गुंतलेली असतात. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात 2023 पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा उर्दू आणि मोडीच्या जाणकारांची गरज साऱ्या राज्याला कळली. ते जाणकार त्या एका कामापुरते नसावेत. जिल्ह्यात मान्यताप्राप्त वाचक-भाषांतरकारांची यादी असावी, पानामागे दर ठरलेला असावा आणि त्यांचे भाषांतर न्यायालयात व पडताळणी समितीपुढे ग्राह्य धरले जावे. आज हा दर ज्याच्या त्याच्या मर्जीवर आहे आणि गरजवंताला अक्कल नसते, हे मध्यस्थांना माहीत आहे.

तेलंगणाच्या हैदराबादमधील तारनाका येथील पुराभिलेखागारात आणि आपल्या पुराभिलेख संचालनालयाच्या छत्रपती संभाजीनगर येथील कार्यालयात निजामकालीन कागद आहेत. कनेरगावच्या शेतकऱ्याने तिथे जाऊन काय आणि कसे मागायचे, यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयातून एक शिफारसपत्र व विषयवार यादी मिळावी.

पाचवी मागणी : दर आणि तारखा दिसू द्या.

नकलेचा पानाचा दर, तातडीच्या नकलेचा दर, अर्जावरचे तिकीट आणि पाहणीची फी हे सर्व खिडकीशेजारी मोठ्या अक्षरांत असावे. नकलेच्या मागे तीन तारखांचा शिक्का असतो : अर्ज कधी दिला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. हा शिक्का अर्धवट भरलेला किंवा पुसट असला की खेड्यातल्या माणसाचे नुकसान होते. जिल्हा न्यायालयात दिवाणी अपिलाची मुदत तीस दिवसांची आणि उच्च न्यायालयात नव्वद दिवसांची आहे. नक्कल मिळण्यात आवश्यक तेवढा गेलेला काळ मुदत अधिनियम, 1963 च्या कलम 12 प्रमाणे वगळला जातो, आणि तो मोजतात या शिक्क्यावरूनच. तारखा स्वच्छ भरा आणि नक्कल तयार झाल्याचा निरोप मोबाइलवर पाठवा. फुकट हेलपाटे वाचतील.

सहावी मागणी : मूळ कागद नष्ट करण्याआधी कळवा.

लोकांनी आपली मूळ खरेदीखते, पावत्या, मुंतखब दाव्यात दाखल केले, त्यांना निशाणी क्रमांक पडले आणि निकालानंतर ते परत घ्यायचे राहून गेले. आदेश 13 नियम 9 प्रमाणे अपिलाची मुदत संपल्यावर ते परत मागता येतात, पण हे सांगणारा कोणी नव्हता. मिसल बाद करण्याच्या यादीत गेली की ते मूळ कागदही जातात. बाद करण्याच्या यादीतली गावाची नावे तीन महिने आधी संबंधित ग्रामपंचायतीला कळवावीत. वारसांनी ओळख पटवून कागद न्यावेत. याला ना खर्च आहे ना कायद्याची अडचण.

सातवी मागणी स्कॅनिंगची. ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने 13 सप्टेंबर 2023 रोजी 7,210 कोटी रुपये मंजूर केले, त्यातले 2,038.40 कोटी अभिलेखांच्या स्कॅनिंग व जतनासाठी आहेत. पैसा आहे. आमचे म्हणणे दोनच गोष्टींपुरते आहे. जमिनीचे आणि वाळवीच्या तोंडचे आधी घ्या, आणि पानाची पाठही स्कॅन करा. शेरे, तिकिटे, हजर असल्याच्या सह्या, अंगठे हे पाठीवरच असतात. नावांची सूची न करता लाखो पाने स्कॅन केली, तर बस्ता कपाटातून संगणकात जाईल आणि खिडकीवरची मावशी होती तिथेच राहील.

आठवी मागणी विधी सेवा प्राधिकरणाकडे. 1987 च्या अधिनियमाप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती आणि कमी उत्पन्नाचे लोक मोफत साहाय्याला पात्र आहेत. या साहाय्यात न्यायालयीन कागदांच्या प्रमाणित नकला मिळवून देणेही येते. हे आमच्याकडे जवळजवळ कोणालाच माहीत नाही. लोकांना वाटते विधी सेवा म्हणजे फुकटचा वकील. महिन्यातून एक दिवस, बाजाराच्या दिवशी, कनेरगाव नाका येथे विधी स्वयंसेवक बसावा. त्याने शोध-अर्ज भरून घ्यावेत, पात्र व्यक्तींची फी प्राधिकरणाने भरावी आणि पुढच्या महिन्यात त्याच टेबलावर उत्तर द्यावे. जागा, टेबल-खुर्ची आणि चहा आमचा.

आता आमच्याकडून काय होईल तेही लिहितो, नाहीतर हे पत्र एकतर्फी ठरेल. मोघम अर्ज करणार नाही. 'संपूर्ण मिसलीची नक्कल' मागून शंभर पाने वाया घालवण्याची खोड आमच्याही लोकांना आहे. आधी पाहणीचा अर्ज करून रोजनामा आणि निशाणीची यादी बघू आणि हव्या त्याच निशाणीची नक्कल मागू. अर्जाआधी तलाठी कार्यालयात जुने फेरफार पाहू. हुकूमनाम्यावरून नोंद झाली असेल तर गाव नमुना 6 मध्ये न्यायालयाचे नाव आणि कित्येकदा दाव्याचा नंबरही लिहिलेला असतो. नोंदणीकृत खरेदीखताच्या मजकुरातही पूर्वीच्या दाव्याचा उल्लेख निघतो. वकीलसाहेबांच्या वारसांकडे जुन्या डायऱ्या असतात, त्या विचारू. त्रयस्थ म्हणून मागायची वेळ आली तर कारण आणि नाते प्रतिज्ञापत्रावर लिहू. पाच-सहा शिकलेली पोरे हे काम शिकायला तयार आहेत. न्यायालयाने त्यांना एक दिवस अभिलेख कक्षाची पद्धत समजावून सांगावी, ते गावोगाव जाऊन सांगतील.

यांपैकी पहिल्या, दुसऱ्या आणि पाचव्या मागणीला नवा कायदा लागत नाही आणि नवी पदेही लागत नाहीत. त्या जिल्हास्तरावर एका परिपत्रकाने सुरू होऊ शकतात. सूचीचे काम मोठे आहे हे आम्हाला मान्य आहे. निदान एका तालुक्याच्या, एका दशकाच्या नोंदवहीपासून सुरुवात करावी. चौथ्या मागणीला राज्य शासनाची आणि सातवीला उच्च न्यायालयाची मान्यता लागेल, म्हणून खंडपीठाला प्रत दिली आहे. वाशिम जिल्ह्याच्या न्यायालयालाही याच आशयाचे पत्र आम्ही स्वतंत्रपणे देत आहोत, कारण आमच्या अर्ध्या मिसली नदीपलीकडे आहेत.

या मागण्यांवर चर्चेसाठी मा. प्रमुख जिल्हा न्यायाधीश, मा. जिल्हाधिकारी आणि विधी सेवा प्राधिकरणाचे मा. सचिव यांनी आमच्या पाच प्रतिनिधींना एकत्र वेळ द्यावी, त्यांत किमान दोन महिला असतील. मान्य होतील त्या मागण्यांची अंमलबजावणीची तारीख लेखी कळवावी आणि अमान्य होतील त्यांची कारणेही लेखी द्यावीत.

कळावे, ही विनंती. या पत्राची पोच आवक क्रमांक व तारखेसह मिळावी.

आपले,
कनेरगाव नाका व पंचक्रोशीतील पक्षकार, शेतकरी व नागरिक
कनेरगाव नाका, ता. व जि. हिंगोली